‘मलाच का थांबवलं?’ विमानतळावरच्या झडतीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मी १९ वर्षं एका विमान कंपनीच्या सिक्युरिटीत होते आणि त्यातली बरीचशी वर्षं लॅडर पॉइंटवर, म्हणजे विमानात चढायच्या अगदी आधी जिथे अधूनमधून कुणाला तरी बाजूला घेतात ना, तिथे उभी राहून काढली. बस्स, तुमच्या पत्रांचा पाऊसच पडला. निम्म्या पत्रांत शिव्या आहेत, पण चालतंय, १९ वर्षं समोरासमोर खाल्ल्यात.

प्रश्न : ताई, ७४ वर्षांच्या आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांत सांधे बसवलेत त्यामुळे मशीन वाजणारच, तिथे बाईंनी पडद्याआड नीट तपासलं, त्याबद्दल काही नाही. पण विमानाच्या दाराशी पुन्हा बाजूला घेतलं, पर्स उपसली, मागे सगळी लाइन बघतेय. आई दिल्लीपर्यंत एक शब्द बोलली नाही. एकदा तपासल्यावर परत कशाला? (सातारा)

उत्तर : आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना राग आला त्यात काही चूक नाही.

आता बघा, पहिली तपासणी करणारे आणि दुसरी करणारे वेगळे असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पहिली सीआयएसएफची, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला पळवलं त्यानंतर विमानतळं टप्प्याटप्प्याने त्यांच्याकडे गेली, सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून. दुसरी तपासणी विमान कंपनीच्या माणसांची, तिला आमच्या भाषेत एलपीसी, म्हणजे लॅडर पॉइंट चेक. या दोन्हींच्या मध्ये काय असतं? दुकानं, कॉफी, टॉयलेट, सफाईवाले, सामान पोचवणारे. तिथे कुणी कुणाच्या हातात काही दिलं तर? म्हणून दुसरी चाळण. एरवी काही जणांचीच होते, पण अलर्ट असला की सगळ्यांची. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा देशातल्या सगळ्या विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाची एलपीसी करा असा आदेशच निघाला होता.

आणि ही दुसरी चाळण नुसती नावाला नसते हो. १७ एप्रिल १९८६, लंडनचं हीथ्रो. एक गरोदर आयरिश बाई इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानाने निघाली होती. विमानतळाची नेहमीची तपासणी पार करून आली, आणि गेटवर एल अलच्या माणसांनी पुन्हा बॅग बघितली तर तळाशी चोरकप्प्यात दीड किलो स्फोटक. तिला बिचारीला पत्ताच नव्हता, होणाऱ्या नवऱ्याने बॅग दिली होती.

पण म्हणून आईंना सगळ्यांसमोर उभं करायची काही गरज नव्हती. बाईची झडती बाईनेच घ्यायची हे दुसऱ्यांदाही लागू आहे. आडोसा हवा असेल तर बिनधास्त मागा, मी ड्यूटीवर असताना तरी मागितल्यावर कुणी नाही म्हणालेलं मला आठवत नाही, पण आपले लोक मागतच नाहीत, खाली मान घालून उभे राहतात. गुडघ्यांचे कागद दाखवले म्हणून सूट मिळत नाही, पण हात लावायच्या आधीच ‘इथे इथे मेटल आहे’ सांगितलं की काम पटकन उरकतं.

अजून एक, आईंना हे सांगा, कदाचित बोलायला लागतील. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीला कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या अमेरिकेच्या फ्लाइटला चढताना त्या कंपनीच्या लोकांनी डॉ. कलामांची अशीच झडती घेतली होती, बूट काढायला लावून. आपल्या नियमांत माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट आहे तरीसुद्धा. बातमी जुलैत फुटली, संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. कलाम साहेबांनी स्वतः तक्रार केलीच नव्हती.

प्रश्न : मी मुसलमान आहे, दाढी आहे, कामानिमित्त मुंबई-बंगळुरू सतत करतो. गेल्या पाच प्रवासांत चार वेळा गेटवर बाजूला घेतलं. दर वेळी हसून सांगतात, ‘सर, रँडम आहे.’ ताई, खरं सांगा, हे रँडम असतं का? (कोल्हापूर)

उत्तर : खरं सांगते, आणि हे लिहायला मला दोन दिवस लागलेत.

रँडम दोन प्रकारचं असतं. एक मशीनचं नाहीतर मोजणीचं, म्हणजे दर अमुक माणसांमागे एक, मग तो कुणी का असेना. दुसरं आमच्या डोळ्यांचं. आम्हाला सांगितलेलं असायचं मोजून घ्या. आता पहाटे सहाची फ्लाइट, आधीच उशीर झालेला, दहाव्या नंबरला रडणारं बाळ घेतलेली बाई आली, तिला कुठे थांबवता म्हणून अकरावा घ्यायचा, तर अकरावे साहेब सूटबुटात, फोनवर कुणावर तरी ओरडतायत, यांना हात लावला की हे मॅनेजरला बोलावणार, मग बारावा. बारावा एकटा पोरगा, हेडफोन लावलेला, गपगार. झालं, घ्या त्याला. म्हणजे आम्ही धोका बघून निवडत नव्हतो, वाद कोण घालणार नाही ते बघून निवडत होतो. आणि दाढी, टोपी, नाव हे माझ्या मनात कधीच आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आलं. वरून कुणी आदेश दिला नव्हता, तरी आलं. पाचात चार वेळा हा योगायोग असूही शकतो, पण तुम्हाला शंका येते यात तुमचा दोष नाही.

यात नुकसान सुरक्षेचंही आहे हो. वरची हीथ्रोची बाई आठवा. ज्याला काही न्यायचंय तो संशय येईल असा माणूस पाठवणार आहे का? तो बाळवालीला पाठवेल, सूटवाल्याला पाठवेल. मोजणी आंधळी असते म्हणूनच ती कामाची असते, त्यात डोळे घुसले की समोरच्याला अंदाज बांधता येतो. नोकरीत असताना हे मी मीटिंगमध्ये एकदा बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढे काही झालं नाही.

तुम्ही काय करायचं? गेटवर भांडू नका, नकार दिला तर विमान सुटेल तुमचंच. शांतपणे ‘मोजून घेताय का?’ एवढं विचारा, विचारलेलं लक्षात राहतं त्यांच्या. तारीख, फ्लाइट, गेट टिपून ठेवा आणि विमान कंपनीकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर लेखी टाका. चारही वेळांचं एकत्र टाका. एकेका घटनेला ‘रँडम’ हे उत्तर पुरतं, चारला पुरत नाही.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार. लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो, मेलबर्नहून सिडनीला जाताना एका पोराने हाताला आणि बॅगेला कसलीतरी पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली आणि मशीन बोंबललं! सगळी बॅग उलटीपालटी, चौकशी. लेक म्हणते बाबा कुठली बॅग आणलीत. बॅग बागेत न्यायचीच होती. (तासगाव)

उत्तर : काका, उत्तर तुम्हीच दिलंत! १३-०-४५ किंवा कॅल्शियम नायट्रेट ही खतं सोडताना बॅग तिथेच पडलेली असणार. ते मशीन स्फोटकांचे कण हुंगतं, आणि त्यात नायट्रेट आलं की त्याला खत आणि बॉम्ब यातला फरक दर वेळी कळतोच असं नाही. ग्लिसरीन असलेल्या हँडक्रीमनेही वाजतं कधीकधी. ऑस्ट्रेलियात ही पट्टीची तपासणी कुणाचीही करतात, नाही म्हटलं तर आत सोडत नाहीत. पुढच्या वेळी नवी बॅग, नवे बूट, आणि वाजलंच तर पहिलं वाक्य ‘मी शेतकरी आहे’. लेकीला म्हणावं, त्याच बागेवर तुझं शिक्षण झालंय.

प्रश्न : अमेरिकेच्या बोर्डिंग पासवर चार वेळा इंग्रजी एस छापून येतात, दर वेळी. ऑनलाइन चेक-इनही होत नाही. काय भानगड? (पुणे)

उत्तर : ती जादा तपासणीची खूण. एखाद्या वेळी आली तर सोडून द्या, तीन तास आधी जा आणि बॅगेतलं मेतकूट चेक-इनमध्ये टाका, कारण ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल तर तिथे अजून वेळ जातो. दर वेळी येत असेल तर नावसाधर्म्याचा घोळ असू शकतो. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे ‘ट्रिप’ नावाची तक्रारीची सोय आहे, तिथून एक रिड्रेस नंबर मिळतो, तो तिकीट काढतानाच टाकायचा.

पत्र (प्रश्न नाही) : या तक्रारखोर लोकांनी रेल्वेने जावं. मी कंपनीच्या कामाने २२ वर्षं महिन्याला चार फ्लाइट करतो. सगळ्यांची होते ती सोडली तर मला गेटवर वेगळं असं एकदाही थांबवलेलं नाही, पण थांबवलं तर मी दहा वेळा तपासून घेईन. (ठाणे)

उत्तर : ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून सांगितलं होतं की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, हे थांबवा. सीआयएसएफने त्यांची माफी मागितली. त्या तक्रारखोर नव्हत्या हो, आणि रेल्वेने जा हे त्यांना तोंडावर सांगायची तुमची हिंमत झाली नसती असं आपलं मला वाटतं.

बाकी २२ वर्षांत एकदाही नाही? फोनवर बोलत बोलत चढता का हो तुम्ही? नाही, कोल्हापूरच्या उत्तरातले ते अकरावे साहेब मला सारखे डोळ्यासमोर येतायत.