म्यूज या इंग्लिश रॉक बँडचं 'आय बिलाँग टू यू' आमच्या बँडवर बसवतोय, मधला फ्रेंच ऑपेराचा भाग ठेवावा की कापावा?

कापू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण खाली तुम्ही जे लिहिलंय ना, की काही फॅन म्हणतात ही सरळ चोरी आहे, काही म्हणतात उगाच शायनिंग आहे, आणि आमच्या गायकाला फ्रेंचचा गंध नाही, ते वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

चोरीचं आधी मिटवू. म्यूजचा २००९ चा 'द रेझिस्टन्स' अल्बम काढा, आठवं गाणं बघा. नावापुढेच कंसात अधिकचं चिन्ह टाकून मूळ आरियाचं, म्हणजे ऑपेरात एकट्याने गायच्या गाण्याचं, नाव छापलंय, 'मों कर सूव्र आ ता व्वा'. चोर कधी दारावर पाटी लावून चोरी करतो का? आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल - अमुक' असं छापलेलं सापडतं. कुठल्या बंदिशीवरून, कुठल्या जुन्या पदावरून घेतलंय ते उघड सांगितलेलं. वाद कशावर व्हायचे? चाल शब्दांना बसली का, गाणाऱ्याने ती पेलली का यावर. म्यूजशी भांडायचं तर त्यावर भांडा. त्याच अल्बमवर चौथ्या गाण्याच्या शेवटी शोपँ या संगीतकाराचं नॉक्टर्न, म्हणजे पियानोची एक शांत रचना, जवळजवळ जसंच्या तसं येतं, तिथे कोणी ओरडत नाही, कारण ते नुसतं पियानोवर आहे. माणूस तोंड उघडून फ्रेंच गायला की सगळ्यांना पोटात दुखतं.

कायद्याचं म्हणाल तर ही आरिया ज्याच्या 'शमशोन आणि दलीला' ऑपेरातली आहे तो फ्रेंच संगीतकार सँ-साँस १९२१ मध्ये गेला, २००९ पर्यंत त्याच्या संगीतावरचे हक्क कधीच संपले होते. उलट केस हवी असेल तर एरिक कार्मेनचं 'ऑल बाय मायसेल्फ' घ्या. १९७५ चं गाणं, त्यात रशियन संगीतकार रॅचमॅनिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची धून आहे, रॅचमॅनिनॉफ १९४३ मध्ये गेलेला, हक्क शाबूत होते, मग रॉयल्टीत त्याच्या वारसांना वाटा द्यावा लागला. म्हणजे असल्या भानगडी होतात, पण इथे नाही झाली.

आणि ज्यांना सँ-साँसचा अपमान झाला असं वाटतं त्यांनी सँ-साँसलाच नीट ऐकावं. 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स' या त्याच्या रचनेत कासवं येतात तेव्हा काय वाजतं? ऑफेनबाखचा कॅनकॅन, तोच पाय उडवायचा धिंगाणा, पण इतका संथ केलाय की ओळखायला वेळ लागतो. हत्तीच्या तुकड्यात बर्लिओझच्या नाजूक पऱ्यांचं नृत्य डबल बास या अवजड, खर्जातल्या वाद्यावर दिलंय. जीवाश्मांच्या तुकड्यात रोसिनी आहे आणि त्याची स्वतःचीच जुनी धून पण आहे. हा माणूस दुसऱ्याच्या चाली उचलून वेगळ्याच अंगाने मांडण्यात उस्ताद होता. त्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

आता खरा मुद्दा, ज्यावर मी स्वतः भांडलोय आणि आजही भांडायला तयार आहे.

मी कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचो, सांगलीकडचं कॉलेज, नाव राहू दे. गॅदरिंगला हे गाणं करायचं ठरलं, ठरवलं मीच. अडचण एकच, ऑपेरा संपून गाणं परत मूळ ठेक्यावर येतं तिथे बास क्लॅरिनेटचा सोलो आहे आणि आमच्याकडे बास क्लॅरिनेट कुठून येणार? मला वाटलं साधं क्लॅरिनेट तर मिळेल, ते तर वरातीच्या बँडमध्ये असतंच. मिरजेत मामाच्या ओळखीचे एक बँडमास्तर होते, साठीच्या आसपासचे, आयुष्यभर वरातीत क्लॅरिनेट वाजवलेलं. त्यांना भेटलो. त्यांना नोटेशन वगैरे काही येत नव्हतं, मोबाईल आणि इअरफोन हातात दिला तर एक बोंड कानातून काढून माझ्या कानात घातलं, म्हणाले, तूबी ऐक, कुठनं कुठवर पायजे ते सांग.

सोलो त्यांनी पटकन उचलला. पण अडकले ते आधीच्या भागावर, ऑपेरावर, जिथे त्यांचं काही कामच नव्हतं. तो तुकडा परत परत लावायला सांगितला. मग रीड जिभेवर ओली केली, बसवली, आणि ती उतरती ओळ वाजवली, 'रेपों आ मा तांद्रेस'वाली, म्हणजे 'माझ्या प्रेमाला उत्तर दे'. ज्यांनी ऐकलीय त्यांना कळेल, ती ओळ वरून अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकत खाली येते, शुद्ध, कोमल, मधला कुठलाच सोडत नाही. मास्तर म्हणाले, ह्यात घाई करायची न्हाई, एकेका पायरीवर थांबायचं पण थांबल्यागत दिसायचं न्हाई. हे वाक्य मी नंतर कितीतरी वाजवणाऱ्यांना सांगितलंय. कीबोर्डवर मी ते सगळे स्वर दाबत होतो आणि तरी ओळ तुटत होती, त्यांच्या फुंकरीत ती तुटत नव्हती.

मग त्यांनी गोष्ट विचारली, हे गाणं कोण कुणाला म्हणतंय. मी सांगितली. बायबलमधल्या शमशोन-दलीलाची गोष्ट. शमशोन अफाट ताकदीचा, त्या ताकदीचं गुपित शत्रूला हवंय, दलीला ते काढून घ्यायला त्याला जाळ्यात ओढते, आणि हे गाणं दुसऱ्या अंकात त्याच वेळी येतं. शब्द किती सुंदर आहेत बघा, पहाटेने मुका घेतला की फुलं उमलतात तसं तुझ्या आवाजाने माझं काळीज उमलतं, आणि दुसऱ्या कडव्यात वाऱ्याच्या झुळकीने गव्हाची कणसं डोलतात तसं. दर कडव्यानंतर ती विनवते, माझ्या प्रेमाला उत्तर दे. शमशोन भुलतो, बाहेर वादळ सुटतं, अंक संपता संपता सैनिक आत शिरतात. मास्तर ऐकत होते, मग म्हणाले, म्हंजे बाई फसवतीय. मी म्हटलं हो. ते म्हणाले, मग लईच गोड वाजवाय पायजे, कडू वाजवलं तर त्यो फसंल कसा?

आता गॅदरिंग. ऐनवेळी आयोजकांनी सगळ्यांचा टाइम कमी केला, हे होतंच दरवर्षी. आमच्या गिटारिस्टने स्टेजमागे जाहीर केलं की फ्रेंच भाग उडवायचा, पब्लिक झोपेल, क्लॅरिनेटच्या जागी तो स्वतः गिटार सोलो मारणार. मी भांडलो. बाकीचे त्याच्या बाजूने गेले. मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी घेऊन खुर्चीवर बसले होते, त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. ते एवढंच म्हणाले, बरं, पण बाईचं गाणं तेवढं काढू नका म्हणावं त्यास्नी. त्यांचा सोलो गेला याबद्दल एक शब्द नाही, दलीलाचं गाणं जातंय याचं वाईट वाटलं. आणि आम्ही ते काढलं.

गिटारिस्ट त्यानंतर कितीतरी वर्षं मला एकच ऐकवत आला, टाळ्या पडल्या ना, मग? अजूनही कुठे म्यूजचा विषय निघाला की हेच. म्हणून हे त्याच्यासाठी पण लिहितोय, तो वाचेल बहुतेक.

टाळ्या पडल्या हे खरं. टाळ्या ओळखीच्या पोरांना पडतात, लाइटला पडतात, ड्रमच्या शेवटच्या दणक्याला पडतात. गाणं काय झालं ते सांगतो. ऑपेरा काढला की उरतं ते एक उड्या मारणारं पियानोचं गाणं, छान आहे, मजेशीर आहे, पण त्यात कोणी कुणाचं असण्याचं वजन कुठे आहे? एक माणूस ठुमकत ठुमकत 'मी तुझा' म्हणतोय, बरं मग? मधल्या भागात ठेका विरघळतो, पियानो पसरतो, आवाज ताणला जातो, आणि ती दलीलाची विनवणी येते, उत्तर दे, उत्तर दे. आणि फ्रेंच ओळी संपता संपता म्यूजचा गायक बेलामी त्याच सुरात इंग्रजीवर येतो आणि म्हणतो मी फक्त तुझा. ऑपेरात या जागी शमशोन उत्तर देतो, दलीला, माझं तुझ्यावर प्रेम आहे. मैफिलीत ही आरिया एकटी बाई गाते तेव्हा शमशोन नसतो म्हणून शेवटी बरेचदा तीच त्याचं नाव घेऊन ते वाक्य म्हणते. इथे एकच माणूस दलीलाचा प्रश्नही गातो आणि त्याचं उत्तरही देतो, आणि ते उत्तर म्हणजेच गाण्याचं नाव आहे! प्रश्न कापून टाकल्यावर उत्तराला काय अर्थ राहिला? पंधरा सेकंदांचा गिटार सोलो तो अर्थ आणणार आहे का?

काही फॅन याच मुद्द्यावर उलटे घसरतात, की बेलामीला कळलंच नाही, दलीला खोटं बोलतेय आणि त्याने ते खरं प्रेमगीत समजून लावलं. मला हे अजिबात पटत नाही. सँ-साँसने त्या गाण्यात खोटेपणाचा एक स्वर ठेवलेला नाही, म्हणून तर ते दीडशे वर्षं टिकलंय. खोटं बोलणाऱ्या बाईच्या तोंडी त्याने आख्ख्या ऑपेरातली सगळ्यात खरी चाल दिली. बेलामीने ती उचलून खरं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी दिली, एवढाच फरक. आणि ही चाल अशीच घर सोडून फिरत आलीय. ऑपेरा फ्रेंच, पण बायबलची गोष्ट स्टेजवर कशी आणायची म्हणून फ्रान्समध्ये कोणी हात लावेना, संगीतकार फ्रान्झ लिस्टने जोर लावला तेव्हा १८७७ मध्ये जर्मनीत वायमारला पहिला प्रयोग झाला, तोही जर्मन भाषेत. जिच्यासाठी दलीला लिहिली ती गायिका पोलीन व्हियार्दो तोवर वयाने स्टेजच्या पलीकडे गेली होती, तिने दुसरा अंक १८७४ मध्ये खाजगी बैठकीत गायला होता तेवढाच. पॅरिस ऑपेरात हे यायला १८९२ उजाडलं. म्हणजे सुरुवातीला लोकांना ते स्टेजवर नकोच होतं, आणि आता त्यातलाच तुकडा रॉकवाल्यांना नको झालाय.

शायनिंगबद्दल. हो, म्यूज भव्यपणा करतात, त्याच अल्बमच्या शेवटी तीन भागांची सिंफनी पण आहे. मला आवडतं. क्वीननेही १९८४ मध्ये एका गाण्याची सुरुवात 'पालियाची' ऑपेरातल्या प्रसिद्ध आरियाच्या चालीवर केली होती आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला म्हणून आपण अभिमानाने सांगतो, मग तो करतो ते थोर आणि बेलामी करतो ते शायनिंग, असं कसं चालेल?

तुमच्या गायकाचं. फ्रेंच येत नाही हे कारणच नाही. म्यूजने दोन-तीनच ओळी घेतल्यात, ध्रुवपदाच्या, त्याच फिरून येतात. देवनागरीत लिहून द्या आणि मारिया कॅलासचं १९६१ चं किंवा एलिना गरांचाचं, या ऑपेरा गायिकांचं रेकॉर्डिंग हळू ऐकवा, अनुस्वार नाकात जातात तेवढं पकडायला सांगा. बेलामीचे उच्चार काही फ्रेंच माणसासारखे नाहीत, म्हणून त्याची नक्कल करू नका, मूळ बाईकडूनच घ्या. उच्चारापेक्षा श्वास महत्त्वाचा, उतरत्या ओळीत मधे श्वास घेतला की सगळं गेलं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. तुमचा गायक खालच्या पट्टीत दमदार आणि वर गेला की किंचाळणारा असेल, तर हे गाणं घेऊच नका. तसंच पंधरा मिनिटांचा स्लॉट असेल तर लिस्टमधलं दुसरं गाणं काढा, याला कात्री लावू नका. आणि ट्वायलाइटच्या 'न्यू मून' सिनेमासाठी केलेलं जे रीमिक्स आहे ते वेगळं आहे, छोटं आहे, त्यावरून बसवू नका, अल्बमवरचंच घ्या.

बास क्लॅरिनेट मिळणार नाही, साधं चालतं. गावातल्या बँडवाल्यांना विचारा, लग्नसराई नसेल तेव्हा ते येतात, पैसे आधी द्या, आणि प्रोग्रॅममध्ये त्यांचं नाव छापा.