शेजारच्या आंटीचा ‘पेरू’

प्रश्न : नाताळाच्या आधी आमच्या शेजारच्या आंटी म्हणाल्या, यंदा पेरू भाजणार. मी विचारलं पेरू कोण भाजतं, तर त्यांनी फ्रीजरमधला एवढा मोठा पक्षी काढून दाखवला, म्हणजे टर्की! इंग्रजीत देशाचं नाव, त्यांच्या तोंडी फळाचं, हा काय घोळ आहे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आंटींचं बरोबर आहे. पोर्तुगीजमध्ये ह्या पक्ष्याला पेरूच म्हणतात, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशावरून. फळ वेगळं, कोकणीत आपण त्याला पेर म्हणतो, आणि पोर्तुगीज पेरा म्हणजे नासपती.

गंमत म्हणजे हा पक्षी ना टर्कीचा ना पेरूचा, त्याचं मूळ घर मेक्सिको आणि उत्तर अमेरिका, तिथले लोक तो पूर्वीपासून पाळायचे आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्लंडमध्ये तेव्हा आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की मुलखातून व्यापाऱ्यांबरोबर यायची म्हणून तिला टर्की कॉक म्हणत, नवा पक्षी आला तर दोघांची गल्लत झाली आणि नाव शेवटी ह्यालाच चिकटलं. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली शास्त्रीय नाव दिलं मेलिअॅग्रिस, आणि तो ग्रीक शब्दसुद्धा गिनी कोंबडीचाच!

खुद्द तुर्की लोक त्याला काय म्हणतात माहितीये? हिंदी, म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंच शब्दाचा अर्थही तोच, आणि डच लोकांनी तर थेट केरळातल्या कालिकत बंदराचं नाव दिलं, काल्कून. अमेरिकेलासुद्धा तेव्हा इंडीज म्हणत, त्यामुळे ह्या नावांत आपला देश घुसला. इंग्रजीत पुढे ह्या शब्दाला आणखी अर्थ फुटले, सपशेल पडलेला सिनेमा म्हणजे टर्की, आणि दारू-सिगरेट एका झटक्यात बंद केली तर कोल्ड टर्की.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती आपल्या गोव्याची गोष्ट. जहांगीर बादशहाने आपल्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, फिरंगी मागतील ती किंमत दे पण दुर्मिळ वस्तू घेऊन ये असं सांगून, आणि १६१२ मध्ये तो परत आला तेव्हा आणलेल्या चिजांमध्ये हा पक्षीही होता. बादशहाने असा पक्षी कधी पाहिलाच नव्हता, तो नुसता बघत बसला असणार, कारण आठवणींत त्याने बारीकसारीक लिहून ठेवलंय, की ह्याचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते, माजावर आला की पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. मग त्याने चित्रकारांना त्याचं चित्र काढायला लावलं. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नेटवर मिळतं, मोठं करून मानेवरच्या लाल-निळ्या सुरकुत्या बघा, आणि आंटींनाही दाखवा.