मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. एएमव्हीआय (सहायक मोटार वाहन निरीक्षक) व्हावं का, आणि ‘वरून’ किती सुटतं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा वाचला आणि लिहायला बसलो. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. हाच प्रश्न आमचे साडू मला प्रत्येक लग्नाच्या पंगतीत विचारत आले आहेत.

लोकांना पासिंगचं मैदान आणि एजंट तेवढे दिसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 136, म्हणजे अपघातातल्या गाडीची तपासणी, कोणाच्या गावी नसतं. बोरघाटात एक ट्रक कारवर चढला, दोघं जागीच गेले. ड्रायव्हरचा एकच धोशा, ब्रेक फेल! मी गाडीखाली शिरलो. इंजिन सुरू होत होतं. हवा भरली, पेडल दाबायला लावलं, ब्रेक चेंबरचे रॉड व्यवस्थित बाहेर आले, गळती कुठेच नाही. ब्रेकचे ड्रम मात्र तापून निळे पडलेले आणि लायनर काचेसारखे गुळगुळीत. पठ्ठ्याने डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरवला होता. इंजिन गाडीला धरत नाही म्हटल्यावर सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. ते फेल होणं नव्हे.

ट्रकमालक साडूंच्या ओळखीचा निघाला. साडू पेढे घेऊन घरी. "अचानक ब्रेक निकामी, एवढंच तर लिहायचंय भाऊसाहेब." मी ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ असंच लिहिलं. पुढे कोर्टात वकिलाने दीड तास सोलून काढलं, तरी माझा कागद टिकला. पेढे हिने शेजारी वाटून टाकले होते.

परीक्षा द्या. एमपीएससी आहे, अभ्यास लागतो. एएमव्हीआय, मग एमव्हीआय, पुढे एआरटीओ, म्हणजे सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी. बढतीला वर्षं जातात. गाड्या तपासणाऱ्या वायुवेग पथकात रात्री रस्त्यावर काढाव्या लागतात. वरचं खाणारे आहेत, नाही कशाला म्हणू, पण एका चुकीच्या अहवालावर माणसं मरतात हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं. तुम्ही वरच्या कमाईसाठीच येणार असाल तर गॅरेज काढा.

हां, पात्रता आणि लायसन्सच्या अटी ताज्या जाहिरातीतच बघा. पासिंगही आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रांवर चाललंय, त्यामुळे माझ्या वेळचं मैदान तुम्हाला मिळेलच असं नाही.

साडूंनी गेल्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली. घ्यायच्या आधी तपासायला मलाच बोलावलं होतं.