प्रिन्स कागदावर उतरवताना

चि. — हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा खेळ तुझ्या वयाच्या कुणी खेळावा आणि त्याचं कागदी गेमबुक, म्हणजे वाचकाने पर्याय निवडून त्या-त्या आकड्याच्या परिच्छेदावर जायचं पुस्तक, करावंसं वाटावं, याचंच मला अप्रूप आहे. पण बाराच्या बारा लेव्हल खोली-खोली करत पानांवर आणायला निघाली आहेस, तिथे जरा थांब. त्या खेळातली निम्मी गंमत बोटांची होती. खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजकुमाराच्या हालचाली चितारल्या. म्हणून त्याच्या उडीला वजन आहे. ‘उडी मारायची तर ४२ वर जा, नाहीतर १७ वर’ या वाक्यात उडी कुठे आहे? फासे टाकायला लावलेस तरी वाचकाचं कौशल्य त्यात येत नाही, नुसतं नशीब येतं. उड्या सरळ वगळ. खिंडार ओलांडलं, एवढं एका वाक्यात सांगून पुढे हो.

कागदावर नीट येतो तो तास. खेळातल्या दुष्ट वजिराने, जाफरने, राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे: लग्न नाहीतर मरण. राजकुमार कितीही वेळा मेला तरी लेव्हल पुन्हा पहिल्यापासून खेळता येते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. नोंदपत्रकावर ६० चौकोन आख आणि प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर लिही, इथे किती खोडायचे. मेलं की लेव्हलच्या सुरुवातीला, चौकोन मात्र खोडलेलेच. मग बाजूच्या बोळात लाल औषधाची बाटली आहे हे ठाऊक असूनही वाचक विचारात पडतो: एक जीव भरून येईल, पण तीन चौकोन जातील. हा हिशेब खेळापेक्षा कागदावर जास्त बोचतो, कारण पेन्सिल आपल्याच हातात असते. रस्ता पाठ असलेल्या तुला चाळीसेक चौकोन लागले आणि नवख्याला पहिल्या खेपेला ६० पुरले नाहीत, तर माप बरोबर बसलं असं समज.

आता सावली, म्हणजे हुबेहूब राजकुमारासारखा दिसणारा तो शत्रू. तुझ्या आराखड्यात ती एका ओळीत उरकली आहे आणि माझं खरं भांडण तिथे आहे. एपल टू संगणकाच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती, म्हणून मेक्नरने राजकुमाराचीच चित्रं थोडी फिरवून वापरली आणि सावली जन्माला आली. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारताना ती बाहेर पडते, पाचवीत तुझं औषध पिऊन टाकते, सहावीत तुझ्या तोंडावर दार बंद करते. शेवटी समोरासमोर येते तेव्हा तिला केलेला घाव तुलाच लागतो. सुटका एकच: तलवार म्यान करायची.

पडद्यावर हे कुणी सांगत नाही, खेळणाऱ्याला सुचावं लागतं. कागदावर तू ‘तलवार म्यान करायची तर ७८ वर जा’ असं छापलंस की गुपित तिथेच फुटलं. छापलेला पर्याय म्हणजे दिलेलं उत्तर. कागदी खेळाची सगळ्यात मोठी अडचण हीच. त्यावर माझा तोडगा असा. नियमांच्या पानावर, इतर चार नियमांत मिसळून लिही: ‘तलवार उपसलेली असताना ती कधीही म्यान करता येते. चालू परिच्छेदाच्या आकड्यातून ४० वजा करून तो परिच्छेद वाचा.’ बस, पुन्हा त्याचा उच्चार नाही. सावली ११८ वर असेल तर तिचं उत्तर ७८ वर. पण मग प्रत्येक लढाईसाठी तसा परिच्छेद लिहावा लागेल. पहारेकरी ६४ वर, तर २४ वर मरण, कारण मूळ खेळातही म्यान केलेल्या तलवारीनिशी पहारेकऱ्यासमोर उभं राहिलं की एका घावात खेळ खलास. दोनदा असं मेलेला वाचक तो नियम मनातून काढून टाकतो. तेच आपल्याला हवंय. एकही लढाई ४१ च्या आतल्या आकड्यावर ठेवू नकोस आणि म्यानाचे सगळे परिच्छेद ‘पातं म्यानात सरकतं’ अशाच शब्दांनी सुरू कर, म्हणजे वजाबाकी चुकलेल्याला चुकीच्या जागी आल्याचं लगेच कळेल.

फाटे कमी कर. दर वळणावर दोन वाटा आणि त्या कुठेच मिळत नाहीत असं धरलंस, तर दहाव्या वळणाला १०२४ शेवट होतात. वाटा फुटू देत, पण लेव्हलच्या दारापाशी सगळ्या एकत्र आण. मधे काय घडलं ते नोंदपत्रक लक्षात ठेवेल. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी फाशांचं पहिलं गाजलेलं गेमबुक काढलं, ते ४०० परिच्छेदांचं होतं. तुला १५० पुष्कळ झाले. लेव्हल पाचच ठेव. आकडे आधी लावू नकोस. नकाशा पुरा झाला की ते चिठ्ठ्या टाकून वाटून दे. लढाया आणि त्यांच्या म्यानाच्या जोड्या मात्र आधी बसव. शेजारच्या परिच्छेदावर नजर जातेच, तिथे पुढची गोष्ट असता कामा नये.

भाषेबद्दल एक. तू स्वतः मुलगी असून सगळीकडे ‘तू धावतोस’, ‘तू अडखळतोस’ लिहिलंयस. इंग्रजी गेमबुकांना ही कटकट नसते, आपल्या क्रियापदाला मात्र लिंग चिकटतं. ‘तुम्ही धावता’, ‘तुम्ही दार उघडलंत’ असं लिहिलंस की मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, आणि जुन्या राजवाड्याच्या गोष्टीला तो अदबीचा सूर शोभतोही. ‘तू’च हवा असेल तर ‘दार उघडलंस’ चालेल, ‘आत आलास’ नाही.

पुस्तक घरात, मित्रांत फिरवायचं असेल तर हरकत नाही. विकायचं ठरवलंस तर जाफर आणि खेळाचं नाव काढ. तास आणि सावली ठेव. पण तीही तुझ्या स्वतःच्या गोष्टीत, तुझ्या शब्दांत मांड.

पुढच्या वेळी आरशापासून सावलीच्या लढाईपर्यंतचाच भाग पाठव, नकाशा आणि नोंदपत्रकासकट. त्याआधी तो भाग खेळ न खेळलेल्या कुणाला तरी दे आणि शेजारी गप्प बसून राहा. तो कुठे मागची पानं चाळतो, एवढंच टिपून ठेव.

तुझा,
काका

ता. क. ए-फोर कागद मधोमध दुमडून शिवणार असशील तर एका कागदाची चार पानं होतात, तेव्हा एकूण पानं चारच्या पटीत बसव. नोंदपत्रक पुस्तकात शिवू नकोस, सुटंच ठेव. खोडून खोडून ते लवकर फाटतं.