काळ्या गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घरच्या घरी मशीनने काढता येतात का?

तुमची गाडी काळी आहे, पाच वर्षांची आहे, सावलीत ठीक दिसते, पण ऊन पडले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठून दिसतात. ते काढण्यासाठी स्वतः मशीन घेऊन पॉलिश शिकावे का, शिकायचे तर कोणते मशीन घ्यावे आणि त्यात रंग उडण्याचा धोका किती, असे तुम्ही विचारले आहे. मी हे काम छंद म्हणून स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर करतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो. हे काम घरी शिकता येते, आणि योग्य प्रकारचे मशीन घेतले तर रंग जाळून टाकण्याची भीती लोक घालतात तेवढी मोठी नसते. मशीन चालवणे हा त्यातला सोपा भाग आहे. आपल्याला नेमके काय दिसते आहे आणि त्यासाठी कमीत कमी किती घासले तर भागेल, हे ठरवणे अवघड आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. तुम्हाला दिसणारे ओरखडे याच थराच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये आहेत. पॉलिश करताना ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळाच्या पातळीला आणला जातो. एका वेळच्या पॉलिशमध्ये साधारण १ ते ३ मायक्रॉन जातात, आणि गेलेला थर परत येत नाही. खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवण्याचे कामही हाच थर करतो, त्यामुळे तो फार पातळ झाला तर पुढे काही वर्षांनी क्लिअर कोट पांढरा पडून पापुद्रे सुटू लागतात. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईसारखे हाती घ्यावे असे हे काम नव्हे, ते याच कारणाने.

हे ओरखडे गोल का दिसतात, हे एकदा समजून घेतले की पुढचे बरेच काही सोपे होते. प्रत्यक्षात ते गोल नसतात. धुळीने भरलेला स्पंज, कोरडे फडके, स्वयंचलित धुलाईकेंद्रातले ब्रश यांमुळे पडलेले ते असंख्य आखूड चरे असतात आणि सगळ्या दिशांना पसरलेले असतात. सूर्य किंवा दिव्याचे प्रतिबिंब रंगात पडते तेव्हा त्या प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे चरेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, बाकीचे दिसत नाहीत. त्यामुळे वर्तुळांचा भास होतो, आणि तुम्ही गाडीभोवती फिरलात तर ते वर्तुळही तुमच्याबरोबर सरकते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ट्यूबलाइटसारख्या पसरट प्रकाशात ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात आणि एका बिंदूतून येणाऱ्या प्रखर प्रकाशात ते लपत नाहीत. त्यामुळे मशीनच्या आधी एक चांगला एलईडी हातदिवा घ्या. मोबाइलचा टॉर्चसुद्धा सुरुवातीला चालतो, मात्र पाहताना खोलीतले बाकीचे दिवे बंद ठेवावेत आणि दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवावा.

आता मशीनविषयी. रोटरी मशीनचे पॅड, म्हणजे रंगावर घासणारी गादी, एकाच आसाभोवती फिरते, त्याची सारी ताकद थेट रंगावर येते, उष्णता पटकन वाढते आणि कडेवर क्षणभर जास्त रेंगाळले तरी क्लिअर कोट पार होऊ शकतो. शिवाय कच्च्या हाताने चालवले की उन्हात हलणाऱ्या झळाळत्या रेषा, ज्यांना होलोग्राम म्हणतात, त्या मागे राहतात. ड्युअल ॲक्शन म्हणजे डीए मशीनमध्ये पॅड स्वतःभोवतीही फिरते आणि मध्यापासून थोडे बाजूला राहून घिरट्याही घालते. तुम्ही जास्त दाबलेत किंवा वळणदार भागावर ते तिरके झाले, तर त्याचे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते आणि कापण्याची क्रिया मंदावते. अनेकांना हा दोष वाटतो, पण शिकणाऱ्यासाठी हेच त्याचे संरक्षण आहे, आणि म्हणून मी निःशंकपणे डीए सुचवतो. घिरटीचा व्यास ८, १५, २१ मिलिमीटर असा वेगवेगळा मिळतो. पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसते ती चकती) असलेले १५ मिलिमीटरचे मशीन एकट्याने बहुतेक गाडी उरकते. २१ मिलिमीटरचे मशीन मोठ्या सपाट पत्र्यावर भराभर काम करते, परंतु दरवाजाच्या वळणांवर ते अडखळते. ड्रिलला लावायच्या स्पंजाच्या नादी लागू नका. मशीन घेतल्यावर बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ ओढा, म्हणजे पॅड फिरते आहे की नुसते थरथरते आहे हे काम करताना कळत राहील.

नवशिके मशीनवर खर्च करतात आणि पॅडच्या बाबतीत हात आखडता घेतात. एका गाडीला एका प्रकारची किमान पाच-सहा पॅड लागतात, कारण घासून निघालेला क्लिअर कोट आणि सुकलेले कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी घासण्याची पेस्ट) भरलेले पॅड नीट कापतही नाही आणि नवे ओरखडेही पाडते. लोकर आणि मायक्रोफायबरची पॅड जास्त कापतात, फोमची पॅड कठीण ते मऊ अशा क्रमाने कमी कापतात. पॅडच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचे नारिंगी पॅड कापणारे असते, तर दुसऱ्या कंपनीत त्याच रंगाचा अर्थ निराळा असतो. कंपाउंडमधले कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. काही कंपाउंडमधले कण घासता घासता बारीक होत जातात, ती पूर्ण वेळ चालवावी लागतात. काहींमधले कण शेवटपर्यंत तसेच राहतात आणि तिथे परिणाम पॅड, दाब व वेळ यांवर ठरतो. बाटलीवरची सूचना वाचणे म्हणूनच आवश्यक असते.

पूर्वतयारी थोडक्यात सांगतो. गाडी नीट धुवावी, डांबराचे डाग काढावेत, लोहकण विरघळवणारा फवारा मारावा (लोखंडाचे कण असतील तेथे तो जांभळा होतो), मग भरपूर वंगण वापरून क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवावा आणि गाडी कोरडी करावी. ही पायरी गाळली तर रंगात रुतलेले कण पॅडमध्ये येतात आणि तुम्ही त्याच कणांनी रंग घासत बसता. रबर, खरबरीत काळे प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी. काम सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असतानाच करावे.

रंगाची जाडी मोजणारे गेज मिळाले तर जरूर वापरा. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वाने आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटने (धातूत निर्माण होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाने) मोजते. प्लास्टिकच्या बंपरवर ही साधी गेज चालत नाहीत. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ते सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. एका दरवाजावर १२० आणि शेजारच्या दरवाजावर २५० मायक्रॉन असे आकडे आले तर दुसरा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, पण म्हणून तेथे घासायला जास्त वाव आहे असे समजू नये, कारण जादा जाडी प्रायमरची किंवा पुट्टीची असू शकते. ८० किंवा त्याखालचे आकडे दिसले तर कापणारे कंपाउंड बाजूला ठेवावे आणि केवळ सौम्य पॉलिशवर समाधान मानावे. गेज नसेल तर सगळ्याच गाडीवर सौम्य राहावे.

खरे शिकणे होते ते चाचणीच्या तुकड्यावर, आणि घाई करणारे लोक नेमके तेच टाळतात. बॉनेटवर टेप लावून साधारण ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा. पहिला प्रयोग मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन करा. पुसा, दिव्याखाली पाहा. ओरखडे पुरेसे गेले नसतील तर पॉलिश तेच ठेवून पॅड थोडे कठीण घ्या. तरीही भागले नाही तर मग कंपाउंड बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने फरक पडला हे कळते. अमुक देशातल्या गाड्यांचा रंग कठीण आणि तमुक देशातल्यांचा मऊ, अशी विधाने तुम्हाला जागोजागी ऐकू येतील. त्यांवर विसंबण्यापेक्षा हा चौकोन जे सांगेल ते माना. काळा रंग काळा असल्यामुळे मऊ नसतो, फक्त त्यावर सगळे दिसते. चाचणीत जी जोडी ठरेल ती पूर्ण गाडीवर वापरायची, मात्र पुन्हा रंगवलेल्या भागावर वेगळी चाचणी घ्यायची.

प्रत्यक्ष पद्धत अशी. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्या, पॅड कोरे असेल तर आधी त्याच्या पूर्ण पृष्ठभागाला पातळ थर चोळा. मशीन बंद असताना पॅड रंगावर चार-पाच ठिकाणी टेकवा, मग कमी वेगावर चौकोनभर पसरवा, आणि सहापैकी चार किंवा पाच क्रमांकावर वेग नेऊन काम सुरू करा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर इतक्या सावकाश सरकवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, एकदा आडवे आणि एकदा उभे मिळून एक फेरा धरायचा. असे चार ते सहा फेरे पुरतात. मशीनच्या वजनात हाताचा थोडा भार मिळवावा, इतकाच की प्लेटवरची रेघ फिरताना दिसत राहील. पॅड सपाट असणे दाबापेक्षा महत्त्वाचे आहे. मशीन रंगावर टेकल्यावरच सुरू करावे आणि उचलण्याआधी बंद करावे, नाहीतर कंपाउंडचे शिंतोडे छतापर्यंत उडतात. वायर खांद्यावरून मागे घ्यावी, चष्मा व मास्क लावावा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावे. बंपरवर फेरे कमी करावेत, कारण प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी वाहून नेत नाही आणि रंग लवकर तापतो.

चौकोन पुसल्यावर दिसणाऱ्या चकाकीवर लगेच विश्वास ठेवू नका. पॉलिशमधली तेले आणि काही उत्पादनांतले भराव द्रव्य ओरखड्यात बसून त्यांना तात्पुरते झाकतात, आणि दोन-चार धुलाईनंतर सगळे पुन्हा वर येते. पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा तयार पॅनेल वाइपने तो भाग पुसून मगच दिवा लावा. ‘पॉलिश टिकले नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर मुळात ओरखडे काढलेलेच नसतात, असे माझे मत झाले आहे. कंपाउंडनंतर काळ्या रंगावर धुरकट छटा दिसली तर घाबरू नये. ते कापण्याचे सूक्ष्म व्रण असतात आणि मऊ पॅड व बारीक पॉलिशच्या दुसऱ्या टप्प्यात, कमी दाबाने, निघून जातात.

तुमच्या काळ्या गाडीच्या बाबतीत एक खूण मुद्दाम सांगतो. पॅडवर गाडीचाच रंग, म्हणजे काळेपणा, उतरू लागला तर हात थांबवा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगावर असे होणे स्वाभाविक आहे, परंतु क्लिअर कोट असलेल्या गाडीवर त्याचा अर्थ तो थर त्या जागी संपला असा होतो. आपल्या गाडीवर कोणता रंग आहे, हे आधीच एखाद्या आडबाजूच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हाताने घासून पाहावे.

काही ओरखडे सोडून द्यावेत. ज्यात नख अडकते तो चरा पॉलिशने काढण्याइतका उथळ सहसा नसतो. त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या तर तो कमी जाणवतो, आणि तेवढे पुरे. पक्ष्याच्या विष्ठेने खोल खाल्लेले डागही त्याच वर्गात मोडतात. रोज वापरातल्या गाडीवर दहातले आठ ओरखडे गेले तर मी तेथेच थांबतो, कारण उरलेल्या दोनांसाठी जितका क्लिअर कोट द्यावा लागतो तितकी त्यांची किंमत नसते. पहिला सराव शक्यतो भंगारातून आणलेल्या रंगीत बॉनेटवर करा, आणि त्याच्या एका कडेवर मुद्दाम रेंगाळून रंग कधी व कसा जातो ते पाहून ठेवा.

शेवटी मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांपैकी रंगावर बसणारा कोणताही संरक्षक थर लावा. पाणी निथळणे व धुणे सोपे होते, मात्र घाणेरड्या फडक्याच्या ओरखड्यांपासून यातले काहीही पूर्ण वाचवत नाही. धुताना आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ घालवावी, एका बादलीत शॅम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधे पाणी ठेवावे, वरून खाली यावे आणि चाकांसाठी वेगळा मोजा वापरावा. सुकवताना मायक्रोफायबर टॉवेल घासू नये, अंथरून टिपावे. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये. सकाळी निघताना कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय घरात कोणाला असेल, तर ती आधी थांबवा आणि मगच मशीन विकत घ्या.