साहित्यावर बेतलेला कुठला थ्रिलर बघून तुमचा सगळ्यात जास्त हिरमोड झाला?

माझा झाला २०१२च्या 'द रेव्हन'ने. जॉन क्युसॅक त्यात एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन भयकथालेखक एडगर ॲलन पो झालाय, आणि बाल्टिमोरमध्ये कोणीतरी पोच्याच कथांबरहुकूम खून पाडत सुटलंय. कल्पना ऐकूनच मी हरखलो होतो.

कारण पो मला कसा भेटला ते सांगतो. गुहागरला आमच्या घरी, जुलैतली रात्र, लाइट गेलेली, माजघरात कंदील, एक कौल फुटलेलं त्यातून पाणी खाली ठेवलेल्या घंगाळात टप टप पडतंय आणि मी मामेभावाला पोची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा मराठीत सांगतोय. म्हाताऱ्याला मारून फळ्यांखाली पुरलाय, पोलीस आलेत, त्यांना कसलाच संशय नाही, हा मुद्दाम त्याच जागेवर खुर्ची टाकून गप्पा मारत बसतो आणि मग ते धडधडणं ऐकू यायला लागतं, फक्त यालाच. मी इथवर आलो तर भाऊ म्हणाला थांब रे जरा, उठला आणि घंगाळात फडकं टाकून आला. टपटप बंद व्हावी म्हणून.

पोची भीती ही अशी, माणसाच्या डोक्यात शिरलेली. सिनेमात ती कुठेच नाही हो. पोच्या 'द पिट अँड द पेंडुलम' कथेत बांधून घातलेल्या माणसावर पातं इंचाइंचाने खाली येतं, तो पट्ट्यांना मटण चोळतो, उंदीर ते पट्टे कुरतडतात आणि तो सुटतो, सगळा जीव त्या वाट बघण्यात आहे. सिनेमात पातं येतं, पोट फाडतं, रक्त उडतं, की पुढचा खून.

आणि त्या पात्याखाली मारलाय कोणाला तर पोचा हाडवैरी समीक्षक-संपादक ग्रिसवोल्डला! खरा ग्रिसवोल्ड पोच्या मागे १८५७पर्यंत जगला, ऑक्टोबर १८४९मध्ये पो गेल्यावर दोनच दिवसांत टोपणनावाने त्याची नालस्ती करणारा मृत्युलेख त्यानेच छापून आणला. एवढा आयता खलनायक हातात असून तो फुकट घालवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

सुरुवातीचा बंद खोलीतला खून, खिडकीच्या खिळ्याची ती युक्ती, तेवढं जमलंय, ते थेट पोच्या १८४१च्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' कथेतलं आहे.

गेल्या मे महिन्यात भाऊ आला होता, त्याला मुद्दाम लावून दिला. पेंडुलमच्या सीनला तो शांतपणे फणसाचे गरे खात होता.