डगआऊटमधलं आजारपण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वेस्ट हॅम हा इंग्लिश फुटबॉल क्लब २००३ साली प्रीमियर लीगमधून (तिथल्या सर्वोच्च लीगमधून) खालच्या लीगमध्ये घसरला तो मॅनेजर ग्लेन रोडर ऐन मोक्याला आजारी पडल्यामुळे, असं नेहमी ऐकतो. खरं आहे का? (ठाणे)

नाही. त्या मोसमात संघाला घरच्या मैदानावरचा पहिला लीग विजय मिळाला तो २९ जानेवारी २००३ रोजी, ब्लॅकबर्नविरुद्ध. म्हणजे निम्म्याहून अधिक मोसम उलटल्यावर. खड्डा तिथेच खणला गेला होता. १९ एप्रिलला थेट प्रतिस्पर्धी बोल्टनकडून १-० हार झाली. दोन दिवसांनी, ईस्टर सोमवारी, मिडल्सब्रोला १-० हरवल्यावर रोडर स्टेडियममधल्या आपल्या ऑफिसात कोसळले. मेंदूची एक लहान रक्तवाहिनी तुंबल्याचं आधी सांगण्यात आलं. पुढच्या तपासण्यांत मेंदूतली गाठ निघाली.

उरलेले तीन सामने क्लबचे माजी खेळाडू ट्रेव्हर ब्रुकिंग यांनी सांभाळले. मँचेस्टर सिटी आणि चेल्सीवर १-० असे दोन विजय, बर्मिंगहॅमशी २-२ बरोबरी. नऊपैकी सात गुण! तरी एकूण ४२ गुणांवर गाडी थांबली आणि बोल्टन ४४ वर सुटला. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांच्या मोसमात ४० च्या वर गुण असूनही कुणी घसरल्याचं त्याआधी घडलं नव्हतं. ब्रुकिंगना आधीच आणायला हवं होतं, असा वाद यावरून घालता येईल, पण आजारपणामुळे संघ बुडाला हे या आकड्यांत बसत नाही.

त्यानंतरचा भाग अधिक कडू आहे. रोडर उन्हाळ्यात कामावर परतले. त्याच उन्हाळ्यात ग्लेन जॉन्सन आणि जो कोल हे खेळाडू चेल्सीला गेले, कानुटे आणि सिंक्लेअरही संघात राहिले नाहीत. नव्या मोसमातल्या तिसऱ्या लीग सामन्यात रॉदरहॅमकडून हरल्यावर, २४ ऑगस्टला, त्यांना काढण्यात आलं.

प्रश्न : संघ हरत असताना मॅनेजरचं डोकं दुखणं, छाती भरून येणं हे टेन्शनच असतं ना? खरा आजार कधी समजायचा? (नाशिक)

याच समजुतीने घात होतो. हरणाऱ्या संघाच्या मॅनेजरला झोप नसते, जेवण वेळेवर नसतं, त्यामुळे प्रत्येक तक्रारीला टेन्शन हे नाव आयतं मिळतं. त्यालाही ते सोयीचं वाटतं, कारण आजारी म्हटलं की खुर्ची जाण्याची भीती असते.

टेन्शनची डोकेदुखी बहुधा दिवस चढेल तशी वाढते, डोक्याला पट्टा आवळल्यासारखी. गाठीमुळे कवटीतला दाब वाढला असेल तर दुखणं पहाटे आणि सकाळी उठताना जास्त असतं, खोकताना किंवा वाकताना वाढतं, सोबत उलटी होते. नेहमीच्या खेळाडूचं नाव न आठवणं, बोलताना शब्द अडणं, स्वभाव अचानक बदलणं हेही पाहा. आणि मोठ्या वयात आयुष्यातली पहिली फिट आली तर मेंदूचा एमआरआय टाळू नका. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर तातडीची ॲम्ब्युलन्स हवीच.

छातीच्या दुखण्याच्या दोन तऱ्हा ओळखायला हव्यात. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा दडपण हळूहळू वाढतं, डाव्या हातात किंवा जबड्यात जातं, घाम फुटतो. महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) आतला थर फाटला तर कळ पहिल्या क्षणीच कमाल तीव्र असते, पाठीत चिरत गेल्यासारखी. दोन्ही हातांच्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात २० हून जास्त फरक पडला तर संशय बळावतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण हृदयविकाराच्या झटक्यात चावून घ्यायची ॲस्पिरिन धमनी फाटलेली असताना रक्तस्राव वाढवते. त्यामुळे कळ अशी चिरणारी असेल तर गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

लिव्हरपूलचे मॅनेजर जेरार्ड हुलिए यांना १३ ऑक्टोबर २००१ रोजी लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात महाधमनी फाटण्याचाच त्रास झाला. वय ५४. क्लबच्या डॉक्टरांनी तो अंगावर काढू दिला नाही आणि जवळजवळ अकरा तासांच्या शस्त्रक्रियेने ते वाचले. महाधमनीचा हृदयालगतचा भाग फाटला असेल तर उपचाराविना पहिल्या ४८ तासांत मृत्यूचा धोका ताशी सुमारे १ ते २ टक्क्यांनी चढतो. सामना संपल्यावर बघू म्हणणं किती महाग पडतं, ते यावरून कळेल.

प्रश्न : मॅनेजर उपचारांवर असताना संघ कोण चालवतो? दोघांनी मिळून चालवला तर? (पुणे)

चालतो, पण अधिकाराची रेघ आधी ओढली तर. नेहमीची गफलत अशी : आजारी मॅनेजर अंथरुणातून सहायकाला फोन करतो, सहायक मैदानावर वेगळं बघतो आणि खेळाडू दोघांच्या तोंडाकडे पाहतात. सोपा नियम असा, की सामन्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत संघनिवडीवर मॅनेजरचं म्हणणं, चेंडू पडल्यावर बदली खेळाडूपासून सगळं सहायकाचं. मध्यंतरात फोन नाही.

लिव्हरपूलमध्ये हुलिए यांचे सहायक फिल थॉम्प्सन यांनी पाच महिने संघ सांभाळला. हुलिए १९ मार्च २००२ रोजी रोमाविरुद्ध परतले, दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं आणि लिव्हरपूल २-० जिंकला. अशा रात्रीमुळे वाटतं की माणूस पूर्ण बरा झाला. प्रत्यक्षात छातीचं हाड जुळायलाच सहा ते बारा आठवडे जातात, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने स्कॅन आयुष्यभर राहतात, आणि नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांनी येणारा थकवा कॅमेऱ्याला दिसत नाही. परतताना क्रम असा ठेवावा : आधी घरून संघनिवड, मग सरावाला अर्धा दिवस, मग घरचा सामना स्टँडमधून, मग डगआऊट (मैदानालगतचा प्रशिक्षकांचा बाक). बाहेरगावचा प्रवास आणि पत्रकार परिषदा शेवटी. बहुतेक क्लब नेमकं उलटं करतात, पत्रकार परिषदेपासून सुरुवात.

रक्ताच्या कर्करोगात नियम आणखी कडक. इटलीतल्या बोलोन्या क्लबचे मॅनेजर सिनिशा मिहायलोविच यांनी जुलै २०१९ मध्ये ल्युकेमिया झाल्याचं जाहीर केलं, इस्पितळातून व्हिडिओवर संघाशी बोलत राहिले आणि २५ ऑगस्टला व्हेरोनात डगआऊटमध्ये हजर झाले. हिंमत मोठीच, पण अनुकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी ५०० च्या खाली असताना गर्दीची ड्रेसिंग रूम धोक्याची असते, आणि ३८ अंश ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. त्यांचा आजार २०२२ मध्ये उलटला. त्या सप्टेंबरात क्लबने त्यांना पदावरून दूर केलं, डिसेंबरात ते गेले.

प्रश्न : रोडर पुन्हा मोठ्या क्लबचे मॅनेजर झाले होते का? (बेळगाव)

हो, न्यूकॅसलचे. फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रॅम सूनेस यांच्या जागी. (सूनेस यांचीही १९९२ मध्ये लिव्हरपूलचे मॅनेजर असताना बायपास झाली होती.) रोडर यांच्याकडे युएफाचं (युरोपीय फुटबॉल संघटनेचं) प्रो लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा वरच्या दर्जाचा परवाना, नव्हतं, कारण त्याचा अभ्यासक्रम आजारपणाने अर्धवट राहिला होता. हेच कारण पुढे करून क्लबने सवलत मागितली आणि ती अखेर मिळाली. संघ सातवा आला.

प्रश्न : आमच्या तालमीच्या संघाचे प्रशिक्षक ५८ वर्षांचे, शुगर-बीपी दोन्ही. स्टेडियमवर सामन्यावेळी जीव तोडून ओरडतात. आम्ही काय तयारी ठेवावी? (कोल्हापूर)

सामन्याच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू देऊ नका. लघवीची गोळी सामन्यात उठावं लागेल म्हणून पुष्कळजण टाळतात. ती किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पण टाळू देऊ नका. पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजा. दोनदा १८०/११० किंवा वर आलं तर त्या दिवशी बाकावर बसवू नका, आणि सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा दिसायला अंधुक होत असेल तर थेट इस्पितळ. खिशात ग्लुकोजची पुडी त्यांच्याही आणि सहायकाच्याही. गोळ्यांची यादी आणि रक्तगट लिहिलेला कागद संघाच्या किटमध्ये.

ते कोसळले, हाकेला ओ देत नाहीत आणि श्वास नाही किंवा नुसते आचके देताहेत, तर वेळ दवडू नका. आचक्यांना श्वास समजणं ही सगळ्यात मोठी चूक. एकाने १०८ लावायचा, एकाने एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला धावायचं, तिसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. एईडीची एक पट्टी उजव्या बाजूच्या गळ्याच्या हाडाखाली (कॉलरबोन), दुसरी डाव्या काखेखाली. अंगावरचा घाम आधी पुसा. तोंडावर पाणी, पाणी पाजणं, उचलून बसवणं, भोवती गर्दी, यातलं काही नको.

आणि मैदानाचं फाटक. सामना सुरू होण्याआधी त्याची किल्ली कुणाकडे आहे ते नावानिशी ठरवा, आणि तिथे मोटरसायकली लावू देऊ नका.